गुरू ग्रह पृथ्वीची ढाल असेल, तर लोणारचा पाषाण आला कोठून?

जिंतूरचा शिक्षक

नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही लोणारला गेलो होतो. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री विदर्भात असले, तरी मंठ्यावरून ते आम्हाला इतके जवळ पडते की सकाळी निघालेली सहल दिवेलागणीला घरी परतते. विवराच्या काठावर उभा राहून मी सांगत होतो की, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून जवळपास दीडशे मीटर खोल असा हा खळगा अवकाशातून आलेल्या एका पाषाणाने आपल्या काळ्या कातळात क्षणार्धात खणला. तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, तुम्हीच वर्गात सांगितले होते की गुरू ग्रह असे दगड स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून पृथ्वी वाचते. मग हा दगड त्याच्या हातून सुटला कसा?"

"सगळेच दगड त्याला अडवता येत नाहीत" असे म्हणून मी वेळ निभावून नेली, परंतु ते उत्तर मलाच पटलेले नाही. गुरू ही पृथ्वीची ढाल आहे, हे वाक्य मी कोठेतरी ऐकले आणि कित्येक वर्षे न तपासता मुलांना सांगत आलो. त्यामागचा खरा हिशेब काय आहे, गुरू नसता तर पृथ्वीवर अधिक दगड आदळले असते की कमी, आणि या सगळ्यात शनीचा काही वाटा आहे का, हे कोणी विस्ताराने सांगावे अशी विनंती आहे. दहावीच्या पुस्तकात केप्लरचे नियम आणि मुक्तिवेग, म्हणजे एखाद्या ग्रहाच्या ओढीतून कायमचे सुटण्यासाठी लागणारा वेग, आहेत, त्यामुळे तेवढी भाषा मुलांना समजते.

निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्याला वाटतो त्याहून खोल आहे, कारण तो दगड गुरूच्या हातून "सुटला" असे मानण्याऐवजी तो गुरूनेच किंवा शनीने आपल्याकडे पाठवला असावा, असे मानणे आजच्या ज्ञानाला अधिक धरून आहे. लोणारसारखी विवरे करणारे पाषाण बहुतांशी मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून येतात. त्या पट्ट्यातले पाषाण स्वतःहून पृथ्वीकडे निघत नाहीत. आपापल्या कक्षेत ते कोट्यवधी वर्षे निमूटपणे फिरू शकतात. त्यांना तेथून हुसकावून लावणारे कोणीतरी लागते.

ते कसे घडते, हे सांगायला आपल्याकडच्या नागपंचमीच्या झोक्याइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. झोका आपल्या जवळ येऊन परत फिरण्याच्या नेमक्या क्षणी प्रत्येक वेळी बोटभर रेटा दिला, तरी थोड्या वेळात तो फांदीला टेकेल इतका उंच जातो. आणि तोच रेटा भलत्याच क्षणी दिला, तर झोका आहे तिथेच राहतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षे लागतात. नाशिकचा सिंहस्थ दर बारा वर्षांनी येतो तो याच फेरीमुळे. आता एखादा लघुग्रह या काळात बरोबर तीन फेऱ्या मारत असेल, तर गुरूचा ओढा त्याला दर खेपेस कक्षेतल्या त्याच ठिकाणी मिळतो आणि हे छोटे छोटे रेटे एकमेकांना पुसून न टाकता साठत जातात. यालाच कक्षीय अनुनाद म्हणतात. अशा लघुग्रहाची जवळपास गोल असलेली कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी तिचे एक टोक मंगळाची, मग पृथ्वीचीही कक्षा ओलांडते. १८६६ साली डॅनियल किर्कवूड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, पट्ट्यात अशा ठरावीक अंतरांवर लघुग्रह जवळपास नाहीतच. तेथे मोकळ्या फटी आहेत. त्या फटींतले पाषाण गेले कोठे, याचे उत्तर पुढे १९८० च्या दशकात जॅक विस्डम यांच्या गणनेने दिले. तीनास एक या अनुनादातल्या कक्षा दीर्घकाळ शांत राहतात आणि मग अकस्मात लांबट होतात, इतक्या की त्या पृथ्वीपर्यंत पोहोचतात.

फटी रिकाम्या झाल्या म्हणजे पुरवठा थांबला पाहिजे, अशी शंका कोणी घेईल. तो थांबत नाही, याचे कारण ऊन आहे. मे महिन्यात आपली गच्ची दिवसभर तापते आणि ती उष्णता सूर्य मावळल्यानंतर कितीतरी वेळ बाहेर टाकत राहते, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. स्वतःभोवती फिरणारा लहान लघुग्रहही असाच दुपारी तापतो आणि त्याची संध्याकाळची बाजू उष्णता अवकाशात फेकते. त्या बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा अत्यंत क्षीण धक्का त्याला लागतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. कोट्यवधी वर्षांत या धक्क्याने काही किलोमीटरपर्यंतचे पाषाण सरकत सरकत फटीच्या काठावर येतात, आणि पुढचे काम गुरू करतो.

शनीविषयी तुम्ही विचारलेत ते योग्यच केलेत. प्रत्येक लंबवर्तुळाकार कक्षेचा लांब अक्ष अतिशय सावकाश फिरत असतो. पट्ट्याच्या आतल्या काठाशी, सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे २.१ पट अंतरावर, लघुग्रहांच्या अक्षाचे हे फिरणे शनीच्या कक्षेच्या फिरण्याशी जुळते आणि तेथेही कक्षा लांबट होत जाते. पृथ्वीजवळ येणाऱ्या पाषाणांसाठी ही शनीची वाट आणि गुरूची तीनास एक ही वाट, अशा दोन मोठ्या वाटा आहेत. दोन्ही वाटा महाकाय ग्रहांनीच पाडलेल्या आहेत.

आकाशनिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

सरांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु ढाल ही कल्पना इतक्या सहजपणे सोडून द्यावी असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या पिढीला फार जवळचे आहे. मार्च १९९३ मध्ये कॅरोलिन आणि यूजीन शूमेकर व डेव्हिड लेव्ही यांनी एक विचित्र धूमकेतू शोधला. तो सूर्याभोवती फिरत नव्हता, गुरूने त्याला पकडले होते. आणि १९९२ च्या जुलैमध्ये गुरूच्या फार जवळून जाताना त्याचे तुकडे झाले होते. १६ ते २२ जुलै १९९४ या आठवड्यात ते वीसेक तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले. आमच्या लहान दुर्बिणीसमोर तो आठवडाभर पावसाळी ढग होते, आणि एकाच संध्याकाळी अर्धा तास आकाश उघडले तेव्हा गुरूच्या दक्षिणेकडे काळसर डाग दिसले. त्यांतला सर्वांत मोठा डाग जवळपास पृथ्वीच्या व्यासाएवढा होता, हे नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. त्यानंतर २००९ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूवर तसाच नवा डाग आढळला. असे आघात गुरूवर सतत होत असतील, तर त्याने आपल्या वाट्याचे घाव स्वतःवर घेतले, असे म्हणण्यात चूक काय आहे?

शिवाय १९९४ सालीच जॉर्ज वेदरिल यांनी गणना करून दाखवले होते की, गुरू आणि शनी पूर्ण वाढू न शकता लहानच राहिले असते, तर पृथ्वीवर धूमकेतूंचे आघात सुमारे हजार पट झाले असते. ढाल हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो अशा संशोधनातूनच.

निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

ताई, तुमचे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून त्यांना वेगवेगळे उत्तर देतो.

गुरूवर आदळलेला धूमकेतू एरवी पृथ्वीवर आदळला असता, हे गृहीत धरण्याला आधार नाही. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, त्यामुळे तो आपल्या परिसरातून जाणारे बरेच काही ओढून घेतो. ज्या वस्तूंचा पृथ्वीशी कधीच संबंध आला नसता, त्यासुद्धा. गुरूवर पडलेले घाव मोजून पृथ्वी किती वाचली हे ठरत नाही. त्यासाठी गुरू असलेली आणि गुरू नसलेली अशा दोन सूर्यमाला शेजारी शेजारी ठेवून पृथ्वीवरचेच आघात मोजावे लागतात, आणि हे केवळ संगणकावरच शक्य आहे.

वेदरिल यांचा निष्कर्ष मात्र खरा आहे, फक्त तो कोणत्या वस्तूंविषयी आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. सूर्यमालेच्या अगदी बाहेर, ऊर्ट मेघातून येणारे दीर्घ आवर्तकाळाचे, म्हणजे सूर्याभोवती एका फेरीला फार मोठा काळ घेणारे, धूमकेतू सूर्याशी अतिशय सैल बांधलेले असतात. सूर्याच्या दिशेने ते येतात तेव्हा त्यांच्याजवळ निसटून जाण्याइतकी ऊर्जा जवळपास असतेच. किंचित भर पडली की ते कायमचे बाहेर जातात. गुरूच्या अंतरावर सूर्याच्या तावडीतून सुटण्यासाठी सेकंदाला साडेअठरा किलोमीटर वेग पुरतो, आणि गुरूचा स्वतःचा मुक्तिवेग साठच्या आसपास आहे, म्हणजे एवढी ढकल देणे त्याला सहज जमते. पृथ्वीचे उलट आहे. येथून सूर्यमालेबाहेर जायला ४२ लागतात आणि आपला मुक्तिवेग जेमतेम ११.२ आहे, आपल्या शेजाऱ्यांना पृथ्वी हलवू शकते, हाकलू शकत नाही. त्यामुळे या धूमकेतूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच फेरीनंतर परत येत नाहीत. पहिली फेरी गुरू अडवत नाही. तो पुन्हा पुन्हा येणे थांबवतो. ढाल म्हणायची असेल तर एवढ्यापुरती म्हणावी.

येथे एक गोष्ट मनाला फार चटका लावते. ऊर्ट मेघात जे अब्जावधी हिमगोळे आहेत, ते सूर्यमाला तरुण असताना गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांनीच आपल्या परिसरातून तेथे भिरकावले. ज्या धूमकेतूंपासून गुरू आपले रक्षण करतो, त्यांतल्या कित्येकांना त्या दूरच्या मेघात पोहोचवण्यात त्याचाच हात होता.

आता राहिले लघुग्रह आणि लहान आवर्तकाळाचे धूमकेतू. जोनाथन हॉर्नर आणि बॅरी जोन्स या दोन संशोधकांनी २००८ पासून याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर गुरूच्या जागी शून्यापासून आजच्या गुरूपेक्षा जड अशा निरनिराळ्या वस्तुमानांचे ग्रह ठेवून पाहिले आणि पृथ्वीवरचे आघात मोजले. पृथ्वीला सर्वाधिक धोका गुरू नसताना नव्हता आणि आजच्या गुरूमुळेही नव्हता. गुरूच्या एक पंचमांश वस्तुमानाचा, म्हणजे शनीपेक्षाही काहीसा हलका ग्रह तेथे असता, तर आघात सर्वांत जास्त झाले असते. असा मध्यम ग्रह पाषाणांच्या कक्षा लांबट करून त्यांना पृथ्वीपर्यंत पोहोचवण्याइतका बळकट असतो, पण त्यांना सूर्यमालेबाहेर फेकून देण्याइतका बळकट नसतो. शिवाय असा ग्रह असताना मघाशी सांगितलेली शनीची वाट पट्ट्याच्या काठावर न राहता आत, दाट वस्तीत शिरते. आपला गुरू ढवळतो आणि फेकूनही देतो. नेपच्यूनपलीकडून आत येणारे हिमगोळे, ज्यांना सेंटॉर म्हणतात, त्यांच्या बाबतीत गुरू असणे आणि मुळीच नसणे यांत फारसा फरक आढळला नाही. लघुग्रहांच्या बाबतीत तर गुरू नसता तर पट्टा आजच्यापेक्षा शांत असता. वेदरिल यांनी तुलना केली ती खुरटलेल्या गुरूशी, गुरूच्या अभावाशी नव्हे, हेही या ठिकाणी लक्षात घ्यावे.

पृथ्वीवरच्या आघातांत धूमकेतूंचा वाटा थोडा आणि लघुग्रहांचा फार मोठा आहे. म्हणून मला वाटते, ढालीचे वाक्य वर्गात सांगू नये.

गोदाकाठ, नांदेड

वरच्या चर्चेला एक खरी घडलेली घटना जोडतो, कारण माझ्या मते मुलांना संगणकाच्या गणनेपेक्षा ती अधिक लवकर पटेल. १७७० च्या जूनमध्ये शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला एक धूमकेतू, आपल्या आजीच्या भाषेत शेंडेनक्षत्र, दिसला. १ जुलै रोजी तो पृथ्वीपासून सुमारे २२ लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या सहापट अंतरावरून गेला. इतक्या जवळून गेलेला दुसरा धूमकेतू विश्वसनीय नोंदींत नाही. सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या आंदर्स लेक्सेल यांनी त्याची कक्षा काढली तेव्हा आवर्तकाळ जेमतेम साडेपाच वर्षांचा निघाला. मग एवढा तेजस्वी धूमकेतू यापूर्वी कोणालाच कसा दिसला नाही, आणि नंतर तो गेला कोठे? लेक्सेल यांनी दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ग्रहात शोधले. पूर्वी तो सूर्यापासून दूर फिरत होता. १७६७ मध्ये गुरूजवळून जाताना त्याची कक्षा वळून आत आली, आणि १७७९ मध्ये पुन्हा गुरूच्या फार जवळून जाताना त्याला पृथ्वीच्या वाटेवरून बाहेर काढले गेले. सुमारे बारा वर्षांत, म्हणजे गुरूच्या स्वतःच्या जवळपास एका फेरीएवढ्या काळात, त्याने एका धूमकेतूला आपल्या अंगणात आणून सोडले आणि परत नेलेही.

हे धूमकेतू मुळात नेपच्यूनपलीकडून येतात. घराचा स्लॅब टाकताना घमेली जशी हातोहात वर जातात, तसे नेपच्यूनकडून युरेनसकडे, तेथून शनीकडे आणि शेवटी गुरूकडे ते सोपवले जातात.

हॅलेच्या धूमकेतूची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. तो १७५८-५९ मध्ये परत येणार हे हॅले यांनी सांगून ठेवले होते, पण गुरू आणि शनी त्याला किती उशीर करतील याचा हिशेब अॅलेक्सी क्लेरो यांनी निकोल-रेन लपोत आणि जेरोम लालांद यांच्या साहाय्याने महिनोन्महिने हाताने केला. गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस उशीर होईल असे त्यांचे उत्तर आले आणि सूर्यासमीप येण्याची त्यांनी दिलेली वेळ होती एप्रिल १७५९ चा मध्य. धूमकेतू प्रत्यक्षात १३ मार्चला पोहोचला. शाईने केलेल्या गणितात शहात्तर वर्षांच्या प्रवासात एका महिन्याचीच चूक राहिली.

जिंतूरचा शिक्षक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. अजून दोन गोष्टी विचारतो. लोणारचे वय काही ठिकाणी ५२ हजार वर्षे असे दिले जाते, तर काही ठिकाणी पाच लाखांहून अधिक. यांपैकी मुलांना कोणते सांगावे? आणि डायनोसॉर नष्ट करणारा पाषाण याच पट्ट्यातला होता का?

निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई

५२ हजार हा आकडा आघातात वितळून तयार झालेल्या काचेच्या औष्णिक दीप्तीवरून, म्हणजे ती तापवल्यावर पडणाऱ्या मंद उजेडावरून, काढलेला जुना अंदाज आहे. २०११ मध्ये त्याच काचेतील आर्गॉनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हे वय आले. दोन्ही आकडे सांगावेत, ते कसे काढले हेही सांगावे आणि मी स्वतः दुसऱ्याकडे झुकतो.

मेक्सिकोतील चिकशुलूब येथे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आदळलेला पाषाण दहाएक किलोमीटरचा होता. २०२४ मध्ये त्या काळाच्या थरांतील रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांवरून असे दिसून आले की तो कार्बनयुक्त प्रकारचा लघुग्रह होता, आणि असे पाषाण मुळात गुरूच्या कक्षेपलीकडे जन्मलेले असतात. महाकाय ग्रह वाढत असताना त्यांनी असे पुष्कळ पाषाण आत ढकलले आणि त्यांतले काही पट्ट्याच्या बाहेरच्या भागात स्थिरावले. पृथ्वीवरच्या पाण्याचा मोठा हिस्साही अशाच ओलसर, कार्बनयुक्त पाषाणांतून आला असावा, असे अनेक संशोधक मानतात. एक गोष्ट मुलांना अवश्य दाखवा. लोणारच्या काठावर ते ज्या काळ्या कातळावर उभे होते, तो दख्खनचा बेसाल्टही त्याच सुमारास लाव्ह्याच्या रूपाने ओतला गेला आहे. वेरूळची लेणी कोरली ती याच दगडात.

आकाशनिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

सरांचे म्हणणे मी पुन्हा वाचले आणि माझ्या पहिल्या मुद्द्यातली उणीव मला मान्य आहे. गुरूवरचे घाव मी पृथ्वीच्या खात्यात धरत होते. गुरुजी, सध्याच्या धोक्याविषयी मुले विचारतीलच, म्हणून एवढे जोडते की, अॅपोफिस हा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२ हजार किलोमीटरवरून जाईल आणि तो आदळणार नाही, हे निश्चित झाले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट हे यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवून त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी करण्यात आली. अशा पाषाणाला मार्गावरून किंचित सरकवणे माणसाच्या आवाक्यात आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

जिंतूरचा शिक्षक

काल वर्गात झोक्याचे उदाहरण सांगितले आणि फळ्यावर केप्लरचा तिसरा नियम लिहिला: फेरीचा काळ वर्षांत आणि सूर्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घेतले, तर काळाचा वर्ग अंतराच्या घनाएवढा असतो. तीनास एक अनुनादाची फट सूर्यापासून किती अंतरावर असली पाहिजे, हे मी मुलांना न सांगता त्यांनाच काढायला लावले. गुरूच्या ११.८६ वर्षांना तिनाने भागले, ३.९५ आले; त्याचा वर्ग १५.६० झाला. घनमूळ काढण्याची पद्धत त्यांना येत नाही, म्हणून २.४, २.६ असे आकडे घेऊन ते घन करून पाहू लागले. लोणारच्या काठावर प्रश्न विचारणाऱ्या मुलाने २.५ घेतला आणि १५.६२५ लिहिले. त्यानंतर मी लघुग्रहांच्या अंतरांचा आलेख उघडला, तो फलकाजवळ आला आणि पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच पटीवरच्या मोकळ्या फटीवर त्याने स्वतः बोट ठेवले.